भिंतीतली उदबत्ती

मे महिन्यातल्या दुपारी पलूसमध्ये कुणी कुणाच्या दारात जात नाही. त्या दिवशी मामा मात्र भर दोन वाजता आले, डोक्याला टॉवेल गुंडाळून, आणि पायरीवरच थांबले. पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. जुन्या वर्तमानपत्रांवर आमची पाण्याची मोटर सुटी करून मांडली होती, एकेक बोल्ट ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं, आणि आप्पा चष्मा कपाळावर ढकलून तिच्या पोटात बघत होते. शेजारी मी टॉर्च धरून बसले होते. घरातल्या दुरुस्तीत लहानपणापासून माझं काम तेच. टॉर्च धरायचा, हात हलू द्यायचा नाही, विचारलं तरच बोलायचं. म्हणूनच त्या दुपारचं दोघांचं बोलणं माझ्या कानात अजून जसंच्या तसं आहे.

आप्पांची ३४ वर्षं किर्लोस्करवाडीला पॅटर्न शॉपमध्ये गेली. ओतकामाला आधी लाकडाचा नमुना लागतो. तो वाळूत दाबून साचा होतो आणि साच्यात वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओततात. बीड थंड होताना आकसतं, मीटरमागे साधारण १० मिलिमीटर. म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीच निराळी असते, मुळात तेवढी वाढवून आखलेली. आप्पांची ती पट्टी पडवीतल्या खिळ्याला टांगलेली असते, आणि साधी पट्टी समजून कुणी तिला हात लावला की ते अजूनही ओरडतात. मामांचं तासगाव रस्त्याला मोटर रिवायंडिंगचं दुकान. वायरमन म्हणून त्यांनी गावात कितीतरी घरांच्या तारा ओढल्या. ते आईचे धाकटे भाऊ, त्यामुळं आप्पा त्यांचे दाजी. मान राखून बोलणं आलंच; पण त्या दिवशी तो मान दोघांनाही सांभाळावा लागला.

मामा : दाजी, हे काय मांडलंय? एक फोन केला असता तर पोरगं पाठवलं असतं की.

आप्पा : बसा पाव्हणं. आधी पाणी प्या. मोटर सकाळी गुणगुणली, पण फिरेना. मग उघडली.

मामा : गुणगुणताना किती वेळ चालू ठेवलीसा?

आप्पा : दोन सेकंद. लगेच बटण बंद केलं, पिन काढली, मागच्या पंख्याकडनं शाफ्ट हातानं फिरवून बघितला. हलेना. हातानं सहज फिरला असता तर कंडेन्सर गेलाय म्हटलं असतं. हलत नाही म्हणजे आत कुठंतरी धरलंय. महिनाभर आम्ही पुण्याला पोरीकडं होतो. आतलं पाणी सुकलं, इंपेलरनं गंजून केसिंग धरलं. हे बघा.

मामांनी वाकून बघितलं. निदान बरोबर होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. फिरत नसलेल्या मोटरमधून नेहमीच्या कितीतरी पट करंट जातो. मिनिटभर तशीच गुणगुणत ठेवली की तारेवरचं वॉर्निश जळतं, उग्र जळका वास येतो, आणि पंधरा मिनिटांच्या कामाचं रिवायंडिंग होतं. आप्पांनी ते होऊ दिलं नव्हतं. पण मामांचा राग वेगळ्याच गोष्टीचा होता.

मामा : तुमचं बरोबर निघालं, त्याला माझं काय म्हणणं न्हाई. पण तुमी वाडीला जलम काढलाय. तुमचं बघून शेजारचा उघडणार. त्यानं आयुष्यात पक्कड धरली न्हाई. मोबाईलवर एक व्हिडिओ बघायचा आणि सुरू. मग माझ्याकडं काय येतं सांगू? पिशवीत भरलेली मोटर. कुठली तार कुठं होती, खूण न्हाई. स्टार्टिंगची आणि रनिंगची एकमेकात. बंद पडलेली मोटर दुरुस्त करणं सोपं, दाजी. उघडलेली मोटर दुरुस्त करणं अवघड.

आप्पा : म्हणून कुणी उघडूच नये?

मामा : ज्याचं काम त्यानं करावं. सुतारानं सुतारकी, गवंड्यानं गवंडीकाम. तुमी आजारी पडला तर स्वतःच्या पोटावर टाके घालता का?

आप्पा : नाही. पण पायात काटा मोडला तर सुई घेऊन स्वतःच काढतो. त्याला डॉक्टर बोलवत नाही.

मामा : काटा आणि पोट यातला फरक तुम्हाला कळतो. समद्यांस्नी कळत न्हाई, एवढंच म्हणतोय.

आप्पा : मग तो कळेल कसा? हात न लावता?

मामांना या प्रश्नाचं उत्तर लगेच सुचलं नाही. त्यांनी तांब्या उचलला, वरून पाणी प्यायले, आणि दुसऱ्या बाजूनं आले.

मामा : बरं, पोटाचं सोडा, पोटापाण्याचं बोलतो. उसाच्या पाण्याच्या पाळ्या सुरू असल्या की माझ्याकडं मोठ्या मोटरी येतात, दहाच्या, पंधराच्या. द्राक्षवाल्यांची घाई असती. पण एकदा पाऊस लागला की विहिरीवर कोण जातंय? तवा माझं दुकान कशावर चालतं? पंख्याच्या कंडेन्सरवर. मिक्सरच्या कार्बनवर. आक्काच्या इस्त्रीवर. ही बारकी कामं समद्यांनी घरी करायला घेतली तर दुकानाचं शटर बंद. मग भर उन्हाळ्यात मोठी मोटर जळल्यावर रात्री अकराला कुणाचं दार वाजवणार? व्हिडिओवाल्याचं?

खरं सांगायचं तर मामांचा हा मुद्दा मी याआधी कधी ऐकला नव्हता. स्वतःच्या हातानं करण्याचं कौतुक सगळे करतात. गावातला कारागीर टिकतो तो बारीक कामांवर, हे कुणी सांगत नाही. पुण्यात मी राहते तिथं पाच मिनिटांवर दुरुस्तीचं एकही दुकान उरलेलं नाही. मागं माझा मिक्सर बिघडला, तर कंपनीचा माणूस आला, त्यानं उघडूनसुद्धा बघितलं नाही. नव्यावर किती सूट मिळेल ते सांगून गेला. तेव्हा मला मामांचं ते वायरींच्या वेटोळ्यांनी भरलेलं, वॉर्निशचा वास येणारं दुकान डोळ्यांसमोर आलं होतं.

आप्पांनी मात्र लगेच उत्तर दिलं.

आप्पा : पाव्हणं, जे डोळ्याला दिसतं ते मी करीन. गंज दिसतो, झिजलेला वायसर दिसतो, वाकलेली बिजागरी दिसते. जे दिसत नाही, त्याचे पैसे मी तुम्हाला कायम देत आलो. वायंडिंगला मी कधी हात लावला का?

मामा : विजेचं काहीच दिसत न्हाई, दाजी. तीच तर गोम हाय.

हे वाक्य ते सहज बोलून गेले. थोड्या वेळानं ते त्यांच्याच तोंडून पुन्हा आलं, आणि तेव्हा सहज नव्हतं.

तोवर आप्पा त्यांच्या आवडत्या जागी पोचले होते. वाडीचा माणूस दुरुस्तीवर बोलायला लागला की लक्ष्मणराव किर्लोस्करांपाशी येतोच.

आप्पा : ही वाडी कुणी उभी केली? जे. जे. स्कूलमध्ये चित्रं काढायला शिकायला गेलेल्या पोरानं. रंग नीट ओळखू येईनात म्हणून चित्रकला सोडावी लागली. मग यंत्रांची ड्रॉइंगं काढायला लागला. बेळगावात भावाबरोबर सायकली विकल्या, लोकांना चालवायला शिकवल्या. कडबा कापायची यंत्रं केली, १९०३ ला लोखंडी नांगर केला. पुढं बेळगावची जागा सोडावी लागली, आणि औंधच्या महाराजांनी कुंडल रोड स्टेशनजवळची जागा दिली. १९१० साल. नुसता निवडुंगाचा माळ. त्याच माळावर १९२६ ला पंप झाला. आणि आज इथनं हाकेच्या अंतरावर असलेल्या घरात कुणी म्हणतंय, पंपाला हात लावू नका?

मामा : लक्ष्मणराव व्हीजेटीआयला शिकवत होते, दाजी. ते तुमी गाळलंत. आन् तो नांगर सुरवातीला विकला का? लोखंडानं जमीन नासती म्हणून शेतकरी हात लावीनात. दोन वर्षं नांगर पडून. शेतकरी येडे होते का? न्हाई. त्यांचा जुना लाकडी नांगर सुतार नीट करून देत होता, वर्षाच्या बलुत्यावर. नव्या वस्तूचं काय मोडलं तर कोण नीट करणार, हा त्यांचा सवाल असणार. मी तर म्हणीन, बरोबर सवाल.

दोन वर्षांची ती गोष्ट आम्ही वाडीच्या शाळेत शेतकऱ्यांच्या अडाणीपणाची म्हणून ऐकली होती. मामांनी ती सुताराच्या बाजूनं सांगितली. हा त्यांचा अंदाज. पण लोहार-सुतारांच्या गावात वाढलेल्या माणसाचा अंदाज आहे, आणि मला तो पटतो. वस्तू घेताना तिचा दुरुस्तीवाला कोण, हे आधी बघायचं, ही रीत आपल्याकडं जुनी आहे.

आप्पा : आणि पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. माझ्या त्या डब्याला तुम्ही हसता ना?

तो डबा म्हणजे पंधरा किलोचा जुना तेलाचा डबा. त्यात आमच्या घरातून आजवर निघालेला प्रत्येक स्क्रू, बिजागरी, नळाची चावी, कडी आणि अर्धवट कानस. आई दर दिवाळीला तो भंगारात घालायला काढते आणि आप्पा दर दिवाळीला तो परत आत नेतात. खिडकीचा अडसर, देव्हाऱ्याचं दार, माझ्या लेकाच्या सायकलीचा स्टँड, सगळं त्या डब्यातून उभं राहिलंय. गावाकडच्या घरात कामाला लागणारी वस्तू दुपारी तीन वाजता दुकानात मिळेल याची खात्री नसते. डबा ही खात्री असते.

मग बोलणं महापुरावर गेलं. ते जाणारच. पलूस तालुक्यात यंत्राचं नाव काढलं की माणसाला २०१९ चा ऑगस्ट आठवतो. आमचं गाव नदीपासून जरा लांब; पण भिलवडी, अंकलखोप, आमणापूर, नदीकाठची सगळी गावं पाण्यात होती. २००५ ला पाणी बघितलेल्या म्हाताऱ्यांनीसुद्धा एवढं बघितलं नव्हतं. २०२१ ला कृष्णा पुन्हा आली.

मामा : पाणी उतरलं आणि ट्रॉल्या भरून मोटरी यायला लागल्या. दुकानात जागा न्हाई. रस्त्याकडंला ओळीनं लावल्या, खडूनं नावं घातली. जो येईल त्याला उद्याच पाहिजे. माझ्याकडं हात चार. शेवटाला दारात फळा लावला. मोटर चालू करून बघू नका. गाळ स्वच्छ पाण्यानं धुवा. खोला आणि वाळवा. ऊन नव्हतंच, तर पत्र्याच्या पेटीत शंभराचे दोन बल्ब लावून ठेवा, चार-पाच दिवस. मग आणा. मी मेगर लावून बघतो. एक मेगाओहमच्या खाली काटा असला तर परत पेटीत.

आप्पा : म्हणजे शिकवलंतच की लोकांना.

मामा : काय करू नका, ते शिकवलं.

आप्पा : आणि धुवा, खोला, वाळवा? ते काय होतं?

मामा : ते... तवा दुसरा विलाज नव्हता.

आप्पा : पाव्हणं, जवा विलाज नसतो तवा माणसाला जे येतं, तेच त्याचं असतं.

मेगर म्हणजे काय, ते इथं सांगायला हवं. मोटरच्या तारांवरचं वॉर्निश शाबूत आहे की ओल आत शिरलीय, हे डोळ्यांना कळत नाही. मेगर तारेवर ५०० व्होल्टचा दाब देऊन बघतो की वीज बॉडीकडं गळते का. पुरानंतर ज्यांनी थांबून वाळवलं त्यांच्या मोटरी वाचल्या. ज्यांनी ‘चालतीय का बघू’ म्हणून बटण दाबलं त्यांच्या जागेवर जळल्या. ओल्या घरात आधी बोर्डाची पिन लावणाऱ्यांचं काय होऊ शकतं ते मामा सांगत होते, आणि सांगता सांगता त्यांची नजर मोटरच्या वायरीवर गेली. त्यांनी ती उचलली. तीन तारांची वायर. लाल आणि काळी पिनेत बसवलेली. हिरवी कापून, मागं दुमडून, वर टेप गुंडाळलेला.

मामा : ही हिरवी कुणी सोडली?

आप्पा बोलले नाहीत.

मामा : दाजी, मी इचारतोय.

आप्पा : गेल्या पावसाळ्यात मोटर लावली की ईएलसीबी पडायचा. सगळ्या घराची वीज जायची. हिरवी सोडली, मग पडायचा थांबला.

मामा : पडायचा थांबला न्हवं. सांगायचा थांबला.

मामांचा आवाज चढला नाही. उतरला. असा उतरलेला आवाज मी त्यांच्या तोंडून एकदाच, आजी गेली तेव्हा ऐकला होता.

मामा : मोटरच्या आत वीज बॉडीला लागत होती. हिरव्या तारेनं ती जमिनीत जात होती, म्हणून ईएलसीबी पडत होता. तीस मिलिअँपिअर गळाली की त्यानं पडायचं, त्याचं कामच ते. तुमी वाटच बंद केली. मग वीज कुठं गेली? बॉडीवर बसून राहिली. कुणीतरी हात लावायची वाट बघत. आक्का त्याच मोटरशेजारी ओल्या फरशीवर धुणं धुती, दाजी. तिनं हात लावला असता तर ईएलसीबी पडलाही असता. पण पहिला झटका बाईनं खायचा आणि मग यंत्रानं जागं व्हायचं, अशी ही मांडणी झाली. म्हणून म्हणलं, विजेचं काहीच दिसत न्हाई.

इथं मामा शंभर टक्के बरोबर होते. लिहिताना मला दोघांच्या मधे कुठंतरी उभं राहायचं नाहीये. कौलं चाळणं, नळाचा वायसर बदलणं, दाराची बिजागरी, रंधा मारून फुगलेली चौकट उतरवणं, हे ज्याला जमेल त्यानं जरूर करावं. आपल्या घरात एकदाही न सुटलेला स्क्रू राहू नये, असं मला मनापासून वाटतं. पण सुरक्षेसाठी बसवलेली वस्तू त्रास देते म्हणून काढून टाकणं ही दुरुस्ती नव्हे. ईएलसीबी पडतो, फ्यूज उडतो, कुकरचा व्हॉल्व्ह जातो, तेव्हा घर काहीतरी बोलत असतं. फ्यूजच्या जागी जाड तार घालणारे आप्पा एकटे नाहीत. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घातलेलं असतं आणि मे महिन्यात तो कोरडा पडला की त्याचा उपयोग कमी होतो, म्हणून बादलीभर पाणी ओतायचं असतं, हे किती घरांत ठाऊक असेल? मला त्या दुपारपर्यंत ठाऊक नव्हतं. आता पलूसला गेले की पहिली बादली मी तिथं ओतते.

आप्पा बराच वेळ हिरव्या तारेचं ते दुमडलेलं टोक बोटांत धरून होते.

आप्पा : चुकलं.

एवढंच म्हणाले. मग त्यांनी कागदावरून एक रबरी तुकडा उचलून मामांच्या पुढं धरला.

आप्पा : हे सील. फाटलंय. इथनं पाणी शाफ्टच्या कडेनं मोटरीत जात होतं. गळती का सुरू झाली, त्याचं मूळ हे. मी पावसाळ्यातच उघडून बघायला पाहिजे होतं. तार सोडली आणि विषय मिटला म्हणून बसलो.

मामा : ...हां. हे सील माझ्या पोराला दिसलं नसतं. त्यानं मेगर लावला असता, काटा खाली बघितला असता आणि मोटर जळली, नवी घ्या म्हणाला असता. आजकाल बदला म्हणायला शिकतात. सोडवायला न्हाई. वायंडिंगला मान खाली घालून दिवसभर तार गुंडाळत बसायचं, आता कुणाला नको. पोरं आयटीआय करतात आणि चाकणला जातात.

आयटीआयच्या दारावरच्या पाटीवर व्यवसायांची जी नावं असतात ती मला फार आवडतात. जोडारी, कातारी, संधाता, तारतंत्री, वीजतंत्री. फिटर म्हटलं की कारखान्याचा गेट दिसतो. जोडारी म्हटलं की हात दिसतात. पाटीवर ती नावं आहेत, गावात कुणाच्या तोंडात नाहीत.

मामांनी दुकानात फोन लावून मेगर मागवला. मोटर आज चालू करायची नाही, दोन दिवस उन्हात, मग बघू, असं ठरलं. नवं सील आप्पा बसवणार, हिरवी तार मामा जोडणार. वाद संपला असं मला वाटलं. तेवढ्यात आई लिंबू सरबत घेऊन आली. ती आत बसून सगळं ऐकत होती.

आई : झालं का तुमचं कुणी काय करायचं ते ठरवून?

मामा : आक्का, तुला त्या मोटरीनं कधी झिणझिण्या आल्या का?

आई : आल्या की. श्रावणात एकदा. मी ह्यांना सांगितलं होतं. ओला हात लागला असेल म्हणाले.

पुन्हा सगळे गप्प. आई ग्लास वाटत राहिली.

आई : तुम्ही दोघं मघापासनं दुरुस्ती दुरुस्ती करताय. मी लग्न होऊन आले तेव्हा हे घर मातीचं होतं. दर आठवड्याला सारवण. भुई उकलली की पांढरी माती कालवून बुजवायची. चूल खचली की नवा गिलावा. जात्याला टाकी लावून घ्यायची. स्टोव्हची पिन, स्टोव्हचा वायसर, त्याला तेल. जुन्या लुगड्यांच्या वाकळा. ह्याला कुणी दुरुस्ती म्हटलं नाही. ह्यांनी वर्षातनं एकदा मे महिन्यात देवघराची भेग सिमेंटनं भरली की सगळ्या गल्लीला कळतं, आज घराचं काम काढलंय.

आप्पा : ती भेग भरायचीच आहे. मोटर झाली की.

मामा : ती अजून हायच? दरसाल भरता न्हवं?

आप्पा : भरतो. परत येते. गवंडी म्हणाला पाया खचला, खालनं काँक्रीट घालावं लागेल. लाखाच्या वर सांगतो. एवढ्याशा भेगेला कोण घालतंय?

मामा : बघा, इथं जाणकाराचं ऐकायला पाहिजे.

आप्पा : जाणकारानं बाहेरनं बघितलं, पाच मिनिटं. आकडा सांगून गेला.

पुन्हा तोच वाद, आता भिंतीवरून. मी टॉर्च बंद केला होता. आईनं पदराला हात पुसले.

आई : ती भेग मे महिन्यातच मोठी असते. तुम्ही नेमके तेव्हाच भरता.

आप्पा : म्हणजे?

आई : रोज पूजा झाली की मी उदबत्ती त्या भेगेत खोचते. देव्हाऱ्यात राख पडते म्हणून. पाडव्यापासनं काडी सहज जाते. आत्ता दोन जातात. मृग लागून आठ-पंधरा दिवस झाले की घट्ट होते, आणि गणपतीत तर काडी जातच नाही. तेव्हा मी उदबत्तीचं घर वापरते. कितीतरी वर्षं झाली.

आप्पा उभे राहिले. गुडघ्याला हात टेकून, हळूहळू. आम्ही सगळे त्यांच्या मागं देवघरात गेलो. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरकी उतरत गेलेली भेग. तिच्या दोन्ही कडांना आप्पांनी वर्षानुवर्षं भरलेल्या सिमेंटचे राखाडी थर, एकावर एक. आणि शेजारी एक नवी, केसासारखी भेग. भरलेली भेग पावसात मिटायला गेली असणार, सिमेंटनं तिला मिटू दिलं नाही, म्हणून भिंतीनं बाजूनं वाट काढली.

इथली काळी माती ज्यांनी बघितली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगून सगळ्या गिळते. म्हणून तर जुनी माणसं मुरूम लागेपर्यंत पाया खणायची. आमच्या घराचा मागचा भाग घाईत वाढवलेला. तिथं तेवढं खणलं गेलं नसणार. पण सगळी जमीन सारखीच सुकली आणि सारखीच फुगली तर घर एकसारखं वरखाली होतं, फारसं फाटत नाही. एक बाजू सुकते आणि एक ओली राहते, तेव्हा फाटतं.

मामा : आक्का, मोरीचं पाणी कुठं सोडलंय?

आई : ह्या भिंतीच्या मागं. माझं अळू आहे तिथं. केळीपण.

मामा : बारा महिने?

आई : मग काय, अळू बारा महिने असतं.

मामांनी आप्पांकडं बघितलं. वीजवाल्याला भिंतीचं कळलं म्हणून नाही. ओल कुठून येते ते शोधायची सवय दोघांनाही होती, फक्त एकाची मोटरीतली आणि एकाची साच्यातली.

आप्पा : त्या कोपऱ्याला कायम पाणी, आणि इकडच्या कोपऱ्याला मे महिन्यात कोरडं ठाक. हा कोपरा बसतो, तो बसत नाही. ३४ वर्षं बीड आकसतं म्हणून पट्टीला वाढ धरत आलो. माती आकसते हे डोक्यातच आलं नाही.

ते पडवीत गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या कानावर सुताराची चपटी पेन्सिल होती. भेगेच्या दोन्ही बाजूंना त्यांनी बारीक आडव्या रेघा मारल्या, साध्या पट्टीनं अंतर मोजलं आणि शेजारी तारीख लिहिली. यंदा भरायचं नाही. मृगाला मोजायचं, गणपतीला मोजायचं, दिवाळीला, आणि परत पुढच्या मे महिन्यात. तोवर पाण्याची वाट वळवायची आणि भिंतीच्या कडेनं बाहेर उतार देऊन फरशी घालायची. फरशी कुणी घालायची यावर दोघांत पुन्हा सुरू झालं. आप्पा म्हणाले, उतार मी पाणसळ लावून काढीन. मामा म्हणाले, गवंड्याला बोलवा, त्याच्याही चुलीचं बघा.

आई म्हणाली, मोजायचं ते मोजा, माझं अळू आधी उपटू नका, वड्या करायच्या आहेत.

मग आप्पांनी तिला हाक मारली आणि विचारलं, आत्ता दोन काड्या जातात म्हणालीस, दाखव. आईनं पुड्यातून दोन उदबत्त्या काढल्या, न पेटवता एकत्र धरल्या आणि भेगेत सरकवल्या. त्या ताठ उभ्या राहिल्या. आप्पांनी तारखेखाली लिहिलं, ‘काड्या दोन’. मागच्या दारातून मामांचा आवाज आला, खुरपं कुठं ठेवलंय. मी टॉर्च पुन्हा लावला आणि तिकडं गेले.